वैशाखातही न सुकणारी ओल : भिंतीतली लपलेली गळती कशी शोधायची

आमच्याकडे भिंतीला ओल आली की घरातले सगळे आधी आभाळाकडे बघतात. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे ओलीचं खापर त्याच्या माथी मारून मोकळं होणं सोपं असतं. मीही पाच वर्षं तेच केलं. २०१५ साली जुन्या चिरेबंदी घराला आतून जोडून न्हाणीघर काढलं. दोन वर्षांनी त्याला लागून असलेल्या खोलीत, कपाटाच्या मागे, ताटाएवढा डाग आला. मुंबईचे दीर दर चतुर्थीच्या आधी रंगाचे पैसे पाठवायचे, आम्ही डाग खरवडून पुट्टी मारायचो, रंग द्यायचो, आणि गणपती विसर्जनाला निघेपर्यंत पोपडे पुन्हा सुटलेले असायचे. एक वर्ष पन्हळ बदलली. एक वर्ष दुकानदाराच्या सांगण्यावरून 'डॅम्प प्रूफ' रंगाचे दोन हात मारले. त्या वर्षी डाग तिथून गेला आणि हातभर वर जाऊन उगवला.

डोळे उघडले ते २०२२ च्या वैशाखात. गडगा घालायला आलेला गवंडी पाणी प्यायला आत आला. त्याने भिंतीला तळहात लावला आणि म्हणाला, "वैनी, ह्यां पाणी पावसाचां न्हय. वैशाखात पाऊस खंयचो?"

इतकी साधी गोष्ट, पण पाच वर्षांत आमच्या कोणाच्या डोक्यात आली नव्हती. मृगात येते आणि दिवाळीनंतर हळूहळू ओसरते ती पावसाची ओल. हस्त संपला, थंडी पडली, आंब्याला मोहोर आला तरी जी हटत नाही तिच्यामागे घरातलंच पाणी असतं.

ओल कुठली, हे आधी ठरवा

नुसतं बघूनही बरंच कळतं. जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या तळापासून सुरू होते, लांबच लांब पट्टा धरते आणि साधारण कमरेपर्यंत येऊन थांबते. तिथे पांढऱ्या खाराची वेडीवाकडी रेघ दिसते. पावसाची ओल बहुतेक वेळा पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्यात, नाहीतर वाशाच्या टोकाशी येते. गळतीची ओल मात्र भिंतीच्या मध्येच कुठेतरी गोल किंवा लांबट डाग धरते आणि तिला दिशांचं सोयरसुतक नसतं. आमचा डाग आतल्या भिंतीवर होता, जिला पावसाचा थेंबही लागत नाही. हे तर आम्हाला पहिल्याच वर्षी खटकायला हवं होतं.

किनाऱ्यालगतच्या घरांत आणखी एक चकवा असतो. खाडीची रेती नीट न धुता गिलाव्यात वापरली असेल तर तिच्यातलं मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं. अशी भिंत आषाढात कुठेही गळती नसताना घामेजते. पण ती बरीचशी सारखी घामेजते, एकाच जागी डाग धरून बसत नाही.

शंका असेल तर प्लास्टिकची चाचणी करा. जाड पारदर्शक प्लास्टिकचा वीतभर चौकोनी तुकडा घ्या आणि चारही कडांना चिकटपट्टी लावून डागावर घट्ट बसवा. दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला दव धरलं असेल तर तो हवेतला दमटपणा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. चिकटपट्टी ओल्या रंगावर बसत नाही, तेवढा चौकोन आधी खरवडून कोरडा पुसून घ्यावा लागतो.

डागाखेरीज इतर खुणाही असतात. बंद कपाट उघडल्यावर येणारा कुबट वास, दाराच्या चौकटीचा तळ नखाने दाबला तर रुतणं, मधल्याच एका भिंतीवरून वाळवीची मातीची नळी चढणं. आमच्याकडे हे सगळं होतं, पण वाळवी कोकणात कोणाकडे नसते म्हणून दुर्लक्ष केलं. एका खुणेकडे मात्र अजिबात दुर्लक्ष करू नका. त्या भिंतीत विजेचा बोर्ड असेल आणि ईएलसीबी (वीज झिरपली की आपोआप पडणारा सुरक्षा-स्विच) वरचेवर पडत असेल, तर त्या भागाचा एमसीबी (मीटरजवळचा वीज तोडणारा स्विच) बंद करून आधी वायरमनला बोलवा. बाकीचं शोधकाम नंतर.

टाकी आणि मोजपट्टी

गळती शोधायला लगेच भिंत फोडायची नसते. रात्री टाकी मोजायची. आमची टाकी हजार लिटरची, आतला व्यास ११० सेंटीमीटर. म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की साडेनऊ लिटर पाणी गेलं. तुमच्या टाकीचा व्यास मोजा आणि हिशोब करून ठेवा, पुढे तोच उपयोगी पडतो.

रात्री दहाला सगळे नळ बंद केले आणि पंपाचा स्विच काढला. नगरपंचायतीचं पाणी फ्लोटमधून येत असेल तर तोही कॉक बंद करायचा, नाहीतर रात्रीत टाकी भरून निघते आणि काहीच कळत नाही. कमोडची टाकी भरून झाली की तिचा अँगल कॉकही बंद, कारण ती आतल्या आत झिरपत असेल तर विनाकारण भिंतीवर आळ येतो. मग टाकीच्या तोंडापासून पाण्यापर्यंत स्टीलच्या टेपने मोजलं आणि आकडा कागदावर लिहिला. घरच्यांना तंबी दिली की रात्री लागलं तर बादलीतलं पाणी घ्या. सासूबाई पहाटे चारला उठतात, त्यांच्यासाठी कळशी भरून ठेवली.

सकाळी सहाला मोजलं तर सव्वा सेंटीमीटर कमी. आठ तासांत जवळजवळ बारा लिटर. दिवसाचे छत्तीस. दोन हंडे पाणी रोज आमच्या घराच्या पोटात जात होतं आणि वर दिसत होता ताटाएवढा डाग.

इथून पुढे एकेक कॉक बंद करून तीच चाचणी. दुसऱ्या रात्री गिझरला पाणी देणारा अँगल कॉक बंद ठेवला. पातळी तसूभरही हलली नाही. याचा अर्थ गळती गिझरमध्ये किंवा त्याच्या पुढच्या गरम पाण्याच्या लाइनमध्ये होती आणि थंडची लाइन सुटली. गिझर कोरडा दिसत होता, म्हणजे उरली भिंतीतली नळी. दोन रात्रींत आणि फुकटात एवढं कळलं. ज्यांच्याकडे टाकीऐवजी थेट मीटरचं पाणी आहे त्यांनी सगळे नळ बंद करून मीटरमधलं छोटं चक्र बघावं. ते फिरत असेल तर पाणी कुठेतरी जातंय. प्रेशर पंप असेल तर काम आणखी सोपं. कोणी नळ उघडलेला नसताना रात्री तो मधूनच घुर्र करतो.

डाग जिथे, गळती तिथे नाही

आता नेमकी जागा. प्लंबर आला तो हातोडा घेऊनच, आणि डागावर खडूने फुली मारायला निघाला. त्याला थांबवलं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असलं काम चिऱ्याच्या भिंतीत हमखास होतं. चिरा म्हणजे भोकाभोकांचा दगड. खाणीतून काढताना मऊ आणि हवा लागली की कडक. मलबारात लोक तो विटेसारखा कापून वापरतात हे बघून बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ साली लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला 'लॅटराइट' हे नाव दिलं. विटेसारखाच तो पाणीही पितो. एका चिऱ्यात शिरलेलं पाणी सांध्यातून दुसऱ्यात, तिथून वायरिंगच्या पाइपसाठी काढलेल्या खाचेत, असं सोयीची वाट बघत जातं आणि जिथे गिलावा कच्चा असेल तिथे बाहेर पडतं.

म्हणून आधी कान लावला. रात्री घर शांत झाल्यावर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक न्हाणीतल्या मिक्सरच्या, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या, नळाला टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. बारीक सुस्कारा ऐकू येतो. दुसऱ्या नळांवर तो येत नाही, किंवा मंद येतो. गरमची लाइन असेल तर हाताचाही उपयोग होतो. गिझर तासभर चालू ठेवा, एक बादली गरम पाणी काढून लाइन तापवा, मग नळ बंद करून दहा मिनिटांनी लाद्यांवरून उलटा हात फिरवत जा. मिक्सरखालची एक लादी आमच्याकडे कोमट लागली. डागापासून चांगली पाच फूट लांब.

खात्रीसाठी प्लंबरच्या हातपंपाने दाब दिला. लाइनची सगळी तोंडं बंद करून, गिझर वेगळा काढून, दाबाचा काटा चार किलोवर नेला. नव्या लाइनला याहून बराच जास्त देतात, पण जुन्या लाइनला उगाच ताण देऊ नये असं माझं मत. दहा मिनिटांत काटा दोनवर आला. मग तेवढी एकच लादी फोडली.

आत काय होतं? सीपीव्हीसीचा (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकचा) एल्बो, म्हणजे काटकोनी सांधा, प्लास्टिकच्याच आट्यांचा, त्यात पितळेचं एक्स्टेन्शन (जोडतुकडा) पान्याने आवळून बसवलेलं. टेफ्लॉनची टेप इतकी गुंडाळली होती की पुढे पुढे आटा पाचरीसारखा घुसला आणि एल्बोला केसाएवढी चीर गेली. अशी चीर पहिल्या दिवशी गळत नाही. रोज तापणं-थंडावणं होत राहतं आणि ती हळूहळू उघडते. भिंतीत मिक्सर किंवा नळ जोडायचा असेल तिथे पितळी आटा बसवलेलंच फिटिंग मागा. चार पैसे जास्त पडतात. आणि प्लंबर सगळं गाडायच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून. आमच्याकडे तो फोटो असता तर खिळा कुठे मारायचा आणि कुठे नाही हेही कळलं असतं.

जुन्या घरांत जीआयची, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी नळीची, लाइन असेल तर रोग वेगळा. ती बहुतेक वेळा आट्यांशी कुजते, कारण आटे पाडताना तिथला जस्ताचा थर जातो आणि नळीची जाडीही कमी होते. सकाळचं पहिलं पाणी तांबूस येत असेल, किंवा भिंतीवरच्या डागाला गंजाची कड असेल, तर एक तुकडा बदलून भागत नाही. एक सांधा धरला की दुसरा सुटतो. तिथे मी सगळी लाइन बदलायला सांगेन, आणि शक्य असेल तर भिंतीत न गाडता बाहेरून घ्यायला. दिसायला बरी नाही, पण सगळी डोळ्यांसमोर राहते.

आणि तरीही डाग परत आला

ही माझी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते. एल्बो बदलला, टाकी तीन रात्री मोजली, पातळी जागेवर. आनंदात आम्ही मे संपायच्या आत भिंतीला सिमेंटचा गिलावा मारून घेतला. चतुर्थीला घरात चौदा माणसं होती. सगळ्यांच्या आंघोळी त्याच न्हाणीघरात. पाचव्या दिवशी डाग हजर. मी प्लंबरला फोनवर नको ते बोलले. तो येऊन टाकी बघून गेला. पातळी जागेवरच होती.

टाकी मोजून फक्त दाबाखालची लाइन कळते. सांडपाण्याचं काहीच कळत नाही, कारण ती गळती नळ बंद असताना होतच नाही. माणसं वाढली की डाग वाढतो आणि माणसं गेली की आक्रसतो. हीच तिची ओळख. आमचे पाहुणे मुंबईला गेल्यावर पंधरा दिवसांत डाग अर्ध्यावर आला, तेव्हा लक्षात आलं. शंका असेल तर ते न्हाणीघर आठ-दहा दिवस पूर्ण बंद ठेवून बघा.

नक्की करायला नीळ वापरली. कपड्यांची पातळ नीळ घ्यायची. भुकटीची नको, ती मातीत गाळली जाते आणि रंग पलीकडे पोचत नाही. नहाणी ट्रॅपची (जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडाची) जाळी काढून आत, कॉलरच्या (तोंडाभोवतीच्या कड्याच्या) खाली, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेल्या चिंध्यांचा बोळा घट्ट बसवला. जमिनीवर दोन इंच पाणी साठवून त्यात नीळ टाकली आणि लादीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारली. एका दिवसात पाणी बोटभर उतरलं आणि तिसऱ्या दिवशी खोलीतल्या खरवडलेल्या भिंतीवर फिकट निळी झाक आली. सासूबाईंनी ती माझ्याआधी पाहिली. बोळा बसवूनही पाणी उतरलं, म्हणजे गळती जमिनीतून, ट्रॅपच्या भोवतालच्या सांध्यातून. पाणी उतरलंच नसतं, तर ते काढून पुढच्या पाइपवर संशय घ्यायचा. बोळा काढून ट्रॅपमध्ये थेट चार-पाच बादल्या निळं पाणी ओतायचं आणि वाट बघायची.

सांधा उघडला कशाने? काही अंशी अॅसिडने. लाद्या पांढऱ्याशुभ्र व्हाव्यात म्हणून दर महिन्याला मी अॅसिड ओतून घासत होते. अॅसिड सिमेंट खातं, आणि लाद्यांमधला ग्राउट (सांध्यात भरलेला मसाला) सिमेंटचाच असतो. आता साधं साबणाचं पाणी आणि काथ्याचा ब्रश. बुरशीसाठी कधी ब्लीच वापरलं तर त्याच्याबरोबर अॅसिड चुकूनही नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

दुरुस्ती अशी झाली. ट्रॅपभोवती दीड फूट चौकोन फोडला, कॉलरची खाच साफ करून न आकसणाऱ्या ग्राउटने भरली. त्यावर दोन घटकांच्या पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात, एक आडवा आणि एक उभा, तेही ट्रॅपच्या तोंडात वळवून. मग लाद्या बसवायच्या आधी ४८ तास पाणी साठवून ठेवलं. गवंड्याला घाई असते, तो म्हणतो कशाला, नक्की थांबलंय. थांबलंय की नाही हे पाण्याला ठरवू द्या. लाद्यांच्या सांध्यात शेवटी इपॉक्सी ग्राउट भरला. सगळ्या न्हाणीघराची जमीन उखडायचा सल्ला मिळाला होता, पण बाकीचा भाग निळीच्या चाचणीत गळत नव्हता, म्हणून उखडला नाही.

भिंत सुकवणं

गळती थांबली तरी भिंत महिनोनमहिने ओलीच राहते. वर्षानुवर्षं पाणी प्यायलेली नऊ इंची चिऱ्याची भिंत आठवड्यात सुकत नाही. आमची नोव्हेंबरात उघडी केली ती मार्चात कोरडी ठणठणीत झाली. पावसाळ्यात पंखा लावून उपयोग नाही, खिडकीतून येणारी हवाच ओली असते. थंडीतली कोरडी हवा आणि मोकळी भिंत, यांच्यावर काम सोपवा.

डागाच्या कडेपासून फूट-दीड फूट पुढपर्यंत गिलावा काढून टाका. कारण खार. पाण्याबरोबर आलेलं मीठ गिलाव्यात साठून राहतं आणि गळती बंद झाल्यावरही पुढच्या पावसाळ्यात हवेतली वाफ ओढून तिथेच डाग पाडतं. मग माणूस पुन्हा प्लंबरवर संशय घेतो. चिऱ्यावर फुललेला पांढरा लोणा कोरड्या ब्रशने झाडून, खाली पेपर टाकून गोळा करा आणि बाहेर फेका. पाण्याने धुतलात तर तो विरघळून परत आत जातो. दर आठवड्याला झाडत राहा. फुलणं थांबलं की भिंत तयार झाली असं समजायला हरकत नाही.

नवा गिलावा आम्ही चुन्याचा केला. जुन्या घरांत चुनाच होता आणि तो भिंतीला श्वास घेऊ देतो. वरून सिमेंट, पुट्टी आणि प्लास्टिक रंग असे थर चढवले की ओल आत कोंडते आणि दुसरीकडून वाट काढते. आमचा डाग हातभर वर गेला होता तो त्यामुळेच.

बंद घरं आणि फ्लॅट

वर्षातले दहा महिने बंद असलेल्या घरांत हीच गळती जास्त खाते, कारण बघायला कोणी नसतं. चतुर्थी किंवा शिमगा करून मुंबईला निघताना टाकीचा मुख्य कॉक बंद करा, सगळे नळ उघडून लाइन रिकामी करा, गिझरचा एमसीबी पाडा. ट्रॅपमध्ये चमचाभर गोडं तेल टाका, म्हणजे आतलं पाणी लवकर उडत नाही आणि झुरळं वर येत नाहीत. ज्यांच्याकडे चावी ठेवता त्यांना महिन्यातून एकदा कपाटाची दारं उघडून वास घ्यायला सांगा.

चिपळूण-रत्नागिरीच्या सोसायट्यांत राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं, तिथे पाणी वरच्या मजल्याचं असतं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती संस्थेने दुरुस्त करायची, आणि संडास-न्हाणीतून होणारी आतली गळती त्या सदस्याने स्वतःच्या खर्चाने. भांडायला वर जाण्याआधी वरच्या न्हाणीत निळीची चाचणी करायला परवानगी मागा. आपल्या छताला निळा डाग आला की पुढचं बोलणं फार थोडक्यात आटोपतं.

आमच्या भिंतीवर डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख लिहिली होती. दर महिन्याला नवी रेघ, नवी तारीख. चुन्याच्या गिलाव्यावरही मी दोन खुणा करून ठेवल्यात. दोन पावसाळे गेले, त्या जागी अजून काही नाही. दीर रंगाचे पैसे पाठवतो म्हणाले, मी थांबवलंय. कपाट मात्र भिंतीपासून चार बोटं पुढेच ठेवलंय, हात घालून बघता यावं म्हणून.